देवकते बाईंची मान

देवकते बाई एखाद्याशी पहिल्यांदा बोलायला लागल्या की तो माणूस हमखास मागे वळून बघायचा. मीही बघितलं होतं. परळीच्या कॉलेजात, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, मी नोकरी मागायला उभी होते. समोरच्या खुर्चीतल्या बाईंचं तोंड माझ्या उजव्या खांद्यापलीकडे, दाराच्या दिशेने होतं आणि त्या विचारत होत्या, "डोळे तपासता येतात का नीट, का नुसता कोर्सचा कागद हाय?" मला वाटलं, दारात आणखी कोणी उमेदवार येऊन उभी राहिली. मी वळले. दार बंद होतं.

"तुलाच विचारते बे," बाई म्हणाल्या.

आमच्याकडे 'बे' हा पुरुषांनी पुरुषांना म्हणायचा शब्द. बायका तो वापरत नाहीत, आणि प्राध्यापक बायका तर मुळीच नाहीत. बाई सगळ्यांना म्हणायच्या. शिपायाला, पोरांना, मला, बंद पडलेल्या पंख्याला, आणि एकदा भर मीटिंगमध्ये प्राचार्यांना. प्राचार्य दचकले, इकडेतिकडे बघितलं, आणि बाई ज्या कपाटासाठी भांडत होत्या ते कपाट मुकाट्याने मंजूर करून टाकलं.

बाईंचे डोळे जन्मापासून हलत. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, बारीक आणि सतत. डॉक्टरांकडे त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे, बाई नुसतं 'हलणं' म्हणायच्या. अशा माणसांची बघण्याची एक जागा असते. त्या जागेवरून बघितलं की डोळे सगळ्यात कमी हलतात. बाईंची जागा उजव्या कोपऱ्यात होती. म्हणजे मान डावीकडे वळवायची आणि डोळ्यांच्या उजव्या कोपऱ्यातून बघायचं. त्यामुळे बाई ज्याच्याकडे बघत, त्याच्याकडे त्यांचं तोंड कधीच नसे. ज्यांना हे माहीत नव्हतं ते त्यांना शिष्ट म्हणत. काही जण म्हणत, बाई चोरून बघते. बाईंना दोन्ही ऐकू येत असे, कारण कान अगदी जागेवर होते.

आणि अशा बाईंनी आयुष्यभर काय मोजलं, तर लोकांची नजर.

मी परळीचीच. वडिलांचं स्टेशनकडच्या रस्त्यावर भांड्यांचं दुकान. डोळे तपासायचा कोर्स संभाजीनगरला केला आणि चष्म्याच्या दुकानात बसायचा कंटाळा आला म्हणून बाईंकडे आले. मला राग लवकर येतो आणि आलेला लपवता येत नाही, त्यामुळे त्याआधी दोन ठिकाणी माझं जमलं नव्हतं. बाईंकडे मात्र तोच माझा गुण ठरला. त्या मानसशास्त्र शिकवायच्या. पुण्याच्या एका मोठ्या संस्थेने त्यांचं जुनं झालेलं मशीन आमच्या कॉलेजला दिलं होतं, एकत्र संशोधन करायच्या बोलीवर. टेबलावर पडदा, पडद्याखाली कॅमेरा. माणूस पडद्याकडे बघतो, कॅमेरा त्याच्या बुबुळांकडे बघतो, आणि माणूस नेमका कुठे बघतोय ते माझ्या बाजूच्या पडद्यावर हिरव्या ठिपक्याने दिसतं. ठिपका एका जागी किती वेळ ठरला, कुठून कुठे उडाला, किती भटकला, सगळं नोंदलं जातं. डोकं हलू नये म्हणून समोर हनुवटी टेकवायची लोखंडी चौकट होती, कपाळाला पट्टा होता. आम्ही त्या चौकटीला टेकू म्हणायचो. परळीत वीज केंद्राची राख कशावरही बसते, तशी ती कॅमेऱ्याच्या काचेवरही बसायची. सकाळी आल्यावर माझं पहिलं काम काच पुसायचं.

मशीन लावून झालं त्या दिवशी मी हौसेने म्हणाले, "बाई, पहिल्यांदा तुम्हीच बसा." त्या बसल्या. पट्टा बांधला, मान सरळ झाली, आणि माझ्या पडद्यावरचा हिरवा ठिपका सैरावैरा पळायला लागला. मशीनने तांबडी पाटी दाखवली, की ह्या व्यक्तीची नजर जुळवता येत नाही.

"मॅडम, जरा स्थिर बघा ना," मी म्हणाले.

"याच्यापरीस स्थिर मला देवानं केलेलं न्हाई," बाई पट्ट्यातून तशाच म्हणाल्या. मग मशीनला म्हणाल्या, "काय बे, मी नापास हाय का? तूच नापास हाईस."

मला हसू आलं. बाई हसत नव्हत्या. पट्टा सोडून त्यांनी मलाच टेकूवर बसवलं आणि मधल्या फुलीकडे बघायला सांगितलं. मी डोळे ताणून बघितलं. माझे डोळे उत्तम, चष्मा नाही, नंबर नाही. मग त्यांनी माझी नोंद मोठी करून दाखवली. सरळ रेघ येईल असं मला वाटलं होतं. तिथे बारीक बारीक उड्या होत्या, सरकणं होतं, पुन्हा जागेवर येणं होतं.

"सगळ्यांचेच डोळे हलतेत," बाई म्हणाल्या. "तुमचे चोरून हलतेत, माझे उघड हलतेत. डोळा पार थिजला ना, तर समोरचं चित्र पुसून जातं. हलतंय म्हणून दिसतंय."

हे वाक्य मी पुढे दरवर्षी ऐकलं, कारण नव्या वर्गाला त्या पहिल्या तासाला हेच सांगायच्या. एखादं पोरगं विचारायचं, की मॅडम, तुम्हाला सगळं हलताना दिसतं का? बाई त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या शेजारच्याकडे तोंड करून सांगायच्या, "माझे डोळे हलतेत, जग हलत न्हाई. जन्मापासून असं असलं की डोकं सांभाळून घेतं. तुजं डोकं काय काय सांभाळून घेतं ते तुला ठावं तरी हाय का?"

बाई चकलांब्याच्या. घरी मेंढरं, वडील वर्षातले कितीतरी महिने मेंढरांमागे बाहेर. आईने त्यांच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, कोणी सांगेल तिथे दोरा बांधला, आणि डोळे काही थांबले नाहीत. शाळेत गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "मान सरळ कर." सरळ केली की फळा दिसेना. वाकडी केली की छडी. तिसरीत असताना बाईंना शोध लागला, की समोर डावीकडे, मुलांच्या रांगेत पहिल्या पाटावर बसलं तर मान वाकडी करावी लागत नाही, फळा आपोआप उजव्या कोपऱ्यात येतो. त्या जाऊन बसल्या. गुरुजींनी उठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसल्या. आख्खं गाव बोललं, की देवकत्याची पोर पोरांच्यात बसते.

"मला पोरांच्यात कुठं बसायचं होतं?" बाई सांगायच्या. "मला फळ्यापुढं बसायचं होतं. पोरं तिथं आधीच बसलेली होती, त्याला मी काय करू?"

लग्नाची गोष्ट त्या फार रंगवून सांगायच्या. बघायला आले तेव्हा रिवाजाप्रमाणे मान खाली, नजर जमिनीवर, त्यामुळे चहा देईपर्यंत कोणाला काही कळलं नाही. मग मुलाचा मामा म्हणाला, "वर बघ पोरी." बाईंनी वर बघितलं, आपल्या मानेने. मामा म्हणाला, "अशी न्हाई, सरळ." सरळ बघितलं. डोळे हलताना दिसले आणि बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. मामा त्यांच्या वडिलांना म्हणाला, "पाव्हणं, पोरीची नजर ठरत न्हाई."

"ठरत न्हाई, पण दिसतंय सगळं," केशर देवकते, म्हणजे आमच्या बाई, म्हणाल्या. "तुमचा पोरगा आल्यापासून माझ्याकडं एकडाव बी बघितला न्हाई. त्याची नजर आमच्या मेंढरावर ठरलीय."

पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले. वडील चिडले, आई रडली, आणि धाकटा भाऊ गोठ्याआड जाऊन पोट धरून हसला. पुढे कोणी विचारलं, की बाई, तुमचं लग्न झालं नाही की तुम्ही केलं नाही, तर बाई म्हणायच्या, "दोन्ही." आणि विषय तिथेच संपवायच्या.

नजर एक आणि लक्ष दुसरं, हे त्यांचं आयुष्यभराचं भांडण होतं. डोळा जिथे असतो तिथे लक्ष असतंच असं नाही, आणि लक्ष जिथे असतं तिथे डोळा असायलाच पाहिजे असंही नाही. पुण्याच्या साहेबांना हे पुस्तकातून माहीत होतं. पण नोंदी आल्या की ते विसरायचे आणि ठिपका ठरला नाही की माणसाचं लक्ष नाही असं लिहून मोकळे व्हायचे.

एकदा बाजारातल्या दुकानदारांना बसवून चित्रं दाखवायची होती. मी माझ्या वडिलांनाच घेऊन आले. भाजी, बैल, बस, बाईचा चेहरा, असं एकेक चित्र येत होतं आणि आमचे अप्पा टेकूवर हनुवटी ठेवून शहाण्यासारखे बघत होते. मग देवळाचं चित्र आलं. आपलंच, वैजनाथाचं. अप्पांनी हनुवटी उचलली, हात जोडले, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागले. माझ्या पडद्यावरचा ठिपका नाहीसा झाला. मशीनने लिहिलं, नजर हरवली.

मी ओरडले, "अप्पा, डोळे उघडा, चित्र बघायचंय."

"बघतोयच की," अप्पा मिटल्या डोळ्यांनी म्हणाले.

त्यांच्यानंतरच्या बऱ्याच दुकानदारांनी तेच केलं. पुण्याहून फोन आला, की हे चित्र तेवढं गाळून टाका, नोंदी खराब आहेत. बाईंनी फोन कानापासून लांब धरला, जरा वेळ त्याच्याकडे आपल्या पद्धतीने बघितलं आणि म्हणाल्या, "सायेब, आख्ख्या दिवसात ज्या एका चित्रावर मान्साचं खरं लक्ष लागलं, तेच तुमच्या मशीनला कोरं दिसलं. कोरं गाळू नका. कोरं कावून आलं, काय कारण, ते लिवा." साहेब म्हणाले, असं लिहिता येत नाही. बाई म्हणाल्या, मग संशोधनातून माझं नाव काढा. त्यांनी खरंच काढलं. मी दोन दिवस धुमसत होते. बाईंनी मात्र त्या संध्याकाळी माझ्या वडिलांच्या दुकानातून एक पितळी तांब्या घेतला आणि भाव करताना अप्पांना रडकुंडीला आणलं.

आता सारिकाचं सांगते. बाईंचं सगळं त्या एका गोष्टीत आहे.

सारिका केज तालुक्यातल्या युसूफ वडगावची, चौथीत. तिची आई लता शेतात राबायची आणि आठवडी बाजारात भाजी विकायची. लताला ही एकच लेक. पोरीचे डोळे बाईंसारखेच हलत. ती मान उजवीकडे वळवायची आणि डाव्या कोपऱ्यातून बघायची, बाईंच्या बरोब्बर उलट. तिच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांनी लताला सांगून टाकलं होतं, की पोरीचं फळ्याकडे लक्षच नसतं, दिवसभर खिडकीतून बाहेर बघते, वर पोरांकडे बघते अशी तक्रार आहे. हिला लांबच्या शहरातल्या, अंध मुलांच्या वसतिगृहाच्या शाळेत घाला. आणि ते पटत नसेल तर परळीला मशीन आहे म्हणे, तिथून पोरीचं लक्ष असतं असा कागद आणा. लता गाड्या बदलत बदलत केज, अंबाजोगाई करत आमच्या दारात येऊन उभी राहिली. पोरगी पदराला धरून होती.

"कायबी करा मॅडम," लता म्हणाली. "ती आंधळी न्हाई. सुईत दोरा तीच ववून देती मला. लांब धाडली तर मला सांजच्याला कुणाचं तोंड दिसंल?"

बाई तासावर होत्या. मी नेहमीच्या रिवाजाने पोरीला टेकूवर बसवलं, मान सरळ केली, पट्टा बांधला. ठिपका पळायला लागला. मशीनने तांबडी पाटी दाखवली, लक्ष्यावर नजर अपुरी. लताला इंग्रजी येत नव्हतं, पण तांबडा रंग येत होता.

तेवढ्यात बाई आल्या. पडद्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. पट्ट्यात आवळलेली ती मान त्यांनी बघितली आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मी आपोआप दोन पावलं मागे सरकले. त्यांनी कपाटातून पेचकस आणला आणि टेकूचे स्क्रू काढायला लागल्या.

"बाई, टेकू काढला तर नोंद चालणार नाही," मी म्हणाले. "पुणेवाले घेणार नाहीत."

"पुणेवाल्यांना चौथीत बसायचं न्हाई," बाई म्हणाल्या. "आयुष्यभर जो भेटला त्यानं माजी मान सरळ केली. मास्तरनं केली, मामानं केली, आता ही लोखंडाची पट्टी करतीय. धर हे."

टेकू माझ्या हातात आला. बाईंनी सारिकाला म्हटलं, "बाई गं, तुला जसं बेस दिसतं तसं बस." पोरीने आधी आईकडे बघितलं. मग हळूच मान उजवीकडे वळवली, आणि माझ्या पडद्यावर ठिपका निवला. अगदी थांबला नाही, पण हलता हलता दरवेळी एका टोकाला येऊन क्षणभर थबकायला लागला, आणि ते टोक बरोबर फुलीवर होतं. त्या थबकण्यात ती बघून घेत होती. मशीन सगळ्याची सरासरी काढत होतं, म्हणून त्याला ते थबकणं दिसतच नव्हतं.

मग बाईंनी दुसरा खेळ लावला. मधल्या फुलीकडे बघायचं आणि कडेला कुठेही चांदणी उगवली की बटण दाबायचं. डोळा चांदणीकडे न्यायचा नाही, नुसतं लक्ष न्यायचं. सारिका बटणावर तुटून पडली. एखाददुसरी चांदणी सुटली असेल. खेळ संपला तेव्हा ती म्हणाली, "अजून लावा की."

"काय बे," बाई मशीनला म्हणाल्या, "दिसलं का आता?"

लता डोळे पुसत म्हणाली, "मग कागद देता ना मॅडम?"

"कागद न्हाई देत. कागद सायेब कपाटात घालतेत. मीच येते."

दुसऱ्या दिवशी आम्ही युसूफ वडगावला गेलो. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हता. दोन वर्ग एकटाच सांभाळत होता आणि आपल्यावर काही येऊ नये एवढीच त्याची इच्छा होती. त्याने चहा मागवला. बाई चहाला थांबल्या नाहीत, सरळ चौथीच्या वर्गात गेल्या. फळ्याकडे तोंड केलं की डावीकडे दार, उजवीकडे खिडक्या. मुली दाराकडच्या रांगेत, मुलं खिडकीकडच्या. सारिका दाराकडे, भिंतीला लागून.

बाई सारिकाच्या जागेवर जाऊन मांडी घालून बसल्या. सारिकासारखी मान उजवीकडे वळवली आणि म्हणाल्या, "सर, हितून फळा तिच्या उजव्या हाताला येतो. तिला दिसतं डाव्या कोपऱ्यातून. मग फळा बघायला मान कुठवर न्यावी लागंल? पार खिडकीपातूर. ती खिडकी बघत न्हाई, पोरं बघत न्हाई. ती तुमी लिवलेलं बघतीय."

मुख्याध्यापक म्हणाले, "मग करायचं काय?"

"खिडकीकडं पुढं बसवा."

"मुलांच्या रांगेत? मॅडम, उद्या गाव माज्या दारात येईल."

बाईंनी माझ्याकडे एक नजर टाकली. जणू चकलांब्याचे तेच गुरुजी इतक्या वर्षांनी इथे उभे होते. "मग रांगा बदला," त्या म्हणाल्या. "मुली खिडकीकडं, मुलं दाराकडं."

"आजपातूर असंच हाय आमच्याकडं."

"कावून?"

मुख्याध्यापकांनी खडू उचलून परत ठेवला.

"कावून असंच हाय, सांगा की. काहीतरी असंल ना."

"आता काय सांगू तुमाला," मुख्याध्यापक हळू आवाजात म्हणाले, "पोरं दाराशी बसवली की पळून जातेत."

मला हसू आवरेना. बाईंचं मात्र डोकं फिरलं. त्या उठून उभ्या राहिल्या आणि मान डावीकडे गेली. "म्हंजी जी पळतेत त्यांच्यासाठी जागा राखून ठिवलीय," त्या म्हणाल्या, "आन् जी जागची हलत न्हाई तिला गाव सोडून धाडायलाय तुमी. न्हाई. ही पोरगी जाणार न्हाई. तुमी दाराला कडी लावा."

"आणि इथं ठेवून नापास झाली तर? जबाबदारी कुणाची?"

"नापास झाली तर नापास होईल. तुमच्या शाळेत बाकीची पोरं नापास होत न्हाईत का? तेवढा हक तिला बी हाय."

दारात उभ्या असलेल्या लताला हे फार काही आवडलं नसावं.

रांगा बदलल्या. मुलांनी दाराकडे जाताना आनंद लपवला नाही. सारिका खिडकीकडे, सगळ्यात पुढे येऊन बसली. मुख्याध्यापकांनी फळ्यावर एक ओळ लिहिली आणि म्हणाले, वाच. सारिकाने फळ्याकडे बघितलं. तिची मान सरळ होती. कोणी धरली नव्हती, बांधली नव्हती. फळा तिच्या डाव्या हाताला होता आणि ती डाव्या कोपऱ्यातून घडाघडा वाचत होती. लताने तोंडावर पदर धरला.

"बघा," मुख्याध्यापक अगदी खूष होऊन म्हणाले, "कशी सरळ झाली."

"ती सरळ झाली न्हाई सर," बाई म्हणाल्या. "फळा सरळ झाला."

परत येताना बसमध्ये अंबाजोगाई मागे पडल्यावर बाई म्हणाल्या, "पाटावरून उठवायचे तवा मी काय म्हणायचे गुरुजींला, ठावं हाय का? काहीच न्हाई. परत जाऊन बसायचे नुसतं. बोलायला यायचं न्हाई मला तवा." आणि खिडकीकडे तोंड केलं, म्हणजे मला वाटलं खिडकीकडे केलं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

वर्ष संपताना शाळेने वर्गाचा फोटो काढायला बोलावलं. बाईंना मधे खुर्ची, शेजारी मुख्याध्यापक. बाईंच्या डाव्या हाताला बाईंनी सारिकाला उभं केलं. केजहून आलेला फोटोवाला कॅमेऱ्यामागून ओरडला, "मॅडम, मान सरळ करा. ए पोरी, समोर बघ, समोर." इथे फळा नव्हता, रांगा नव्हत्या, कॅमेरा नाकासमोर होता. सारिकाने झटकन मान सरळ केली आणि डोळे खाली घातले. सवय कुठे जाते.

"सारिका," बाई म्हणाल्या, "फोटोवाला दिसतो का तुला?"

"पुसट दिसतो."

"मग तो नीट दिसंल असं बघ. त्याला आपण कसं दिसायचं ते त्याचं तो बघंल."

सारिकाने मान उजवीकडे वळवली. बाईंची डावीकडे होतीच. फोटोवाला कपाळावर हात मारून म्हणाला, घ्या तर मग, आणि त्याने बटण दाबलं.

त्या उन्हाळ्यात बाई निवृत्त होऊन चकलांब्याला भावाकडे गेल्या. मी जाऊन यायचं म्हणत राहिले. मागच्या हिवाळ्यात निरोप आला, की बाई गेल्या. मला रडू यायच्या आधी राग आला, कोणावर ते अजून सांगता येत नाही.

कॉलेजने खोलीत बाईंचा फोटो लावायचं ठरवलं. क्लार्क ओळखपत्राचा फोटो घेऊन आला आणि म्हणाला, हल्ली दुकानात कॉम्प्युटरवर मान सरळ करून देतात. त्याला मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. मी वर्गाचा तो फोटो मोठा करून आणला आणि मशीनच्या वर स्वतः ठोकला.

फोटो बघायला लता आणि सारिका आल्या. सारिका आता सातवीत आहे, तिथेच, गावात, खिडकीकडे. क्लार्कही आला होता. त्याला बिचाऱ्याला माझ्याशी समेट करायचा होता. तो फोटोपुढे उभा राहून म्हणाला, "छान आलाय हो. सगळे समोर बघतायत आणि ह्या दोघी तेवढ्या एकमेकींकडे बघतायत."

"न्हाई," सारिका म्हणाली. "आमीच बघत होतो समोर. मुख्याध्यापकांचे तर डोळे मिटलेत."

मान उजवीकडे होती तिची. क्लार्कने वळून मागे बघितलं, दारात कोणी आलंय का.

"तुमालाच सांगते," सारिका म्हणाली.